वेढ्यांचा हिशेब

आमच्या घरी बाळगुटीची एक पितळी डबी होती आणि तिच्या जोडीला तळहाताएवढी सहाण. डबीत वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, हळकुंड, सुंठ, जायफळ, मायफळ, काकडशिंगी, ज्येष्ठमध, अतिविष, खारीक, बदाम अशी नेहमीची मंडळी असत. बाळाला न्हाऊमाखू घालून झाले की आजी उकळून गार केलेल्या पाण्याचे दोन थेंब सहाणेवर टाकी आणि एकेक जिन्नस उगाळू लागे. उगाळताना ती तोंडाने मोजत असे: खारकेचे चार वेढे, हिरड्याचे दोन, वेखंडाचा एक आणि जायफळाचा अर्धाच. बाळाचे पोट साफ होत नसेल तर हिरड्याचा वेढा वाढे, मुरडा असेल तर मुरुडशेंगेचा. जायफळाच्या अर्ध्या वेढ्याचा मात्र तिने कधी पाऊण होऊ दिला नाही. ‘पोर गुंगतं,’ एवढेच कारण ती देई. जायफळातल्या मायरिस्टिसिन या द्रव्याचे नाव तिने ऐकलेले असणे शक्य नव्हते, पण त्याची मात्रा तिच्या मनगटात होती.

हे सांगण्यामागे जुने ते सोने असा सूर लावण्याचा हेतू नाही. ही गुटी आज कोणी विचारली तर मी देऊ नका असेच सांगेन. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, हा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला रास्त आहे. सहाण कितीही धुतली तरी ती निर्जंतुक होत नाही. आणि वेखंडातल्या बीटा-असॅरोन या घटकामुळे अमेरिकेने १९६८ मध्येच खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यावर बंदी घातली. आजीचे ज्ञान अपुरे होते, काही ठिकाणी चुकीचेही होते. तरीही तिच्यापाशी एक गोष्ट होती, जी आज झाडपाल्याच्या औषधांच्या प्रचंड बाजारात औषधालाही सापडत नाही, आणि ती म्हणजे हिशेब. कोणती वस्तू, तिचा कोणता भाग, किती, कोणाला आणि कधी थांबायचे, याचा हिशेब. आपण त्या डबीतली नावे वारसा म्हणून घेतली आणि वेढे मोजणे सोडून दिले. ज्या वनस्पतीला गुण आहे तिला मात्राही आहे, आणि जो ती विकतो त्याने त्या मात्रेचा व तिच्या परिणामांचा हिशेब जाहीरपणे दिला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

‘झाडपाल्याचे औषध आहे, गुण नाही आला तरी अपाय तर नाही,’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे बोलले जाते की त्यातली विसंगती कोणाच्या लक्षात येत नाही. शरीरात काहीतरी बदल घडवण्याची ताकद ज्या द्रव्यात आहे, ते द्रव्य फक्त आपल्याला हवा तोच बदल घडवेल आणि बाकीच्या ठिकाणी शहाण्या पाहुण्यासारखे हात जोडून बसेल, अशी अपेक्षा आपण कशाच्या बळावर धरतो? या समजुतीला आयुर्वेदाचाही आधार नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अगदी पहिल्या अध्यायात, असे स्पष्ट सांगितले आहे की वनस्पतींची नावे आणि रूपे शेळ्यामेंढ्या राखणाऱ्यांना, गुराख्यांना आणि रानात राहणाऱ्यांनाही ठाऊक असतात, परंतु केवळ नाव आणि रूप जाणल्याने औषध जाणले असे होत नाही. आणि नीट योजलेले जहाल विष उत्तम औषध होते, तसेच वाईट रीतीने योजलेले औषध जहाल विष होते. ‘आयुर्वेदिक म्हणजे निर्धोक’ हे वाक्य चरकाचे नाही, जाहिरातवाल्यांचे आहे.

वनस्पतीत किती ताकद असू शकते याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. सर्पगंधेची मुळी निद्रानाशावर आणि उन्मादावर देण्याची आपल्याकडची रीत जुनी. रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा पद्धतशीर प्रयोग करून मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये त्याचे निष्कर्ष ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. तीनच वर्षांत तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि पुढे काही काळ ते रक्तदाबावरचे जगभर वापरले जाणारे औषध होते. परंतु वापर वाढला तसे हेही नोंदले गेले की जास्त मात्रेत ते घेणाऱ्या काही रुग्णांना खोल नैराश्य येते, आणि मग मात्रा उतरली, वापरही ओसरला. गुण आणि दोष दोन्ही त्याच मुळीचे. दोन्ही कळले ते कोणीतरी नोंद ठेवत होते म्हणून.

आता २०२० सालाकडे येऊ. त्या एप्रिलमध्ये आयुष मंत्रालयाने तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन आणि मिरी एक असे प्रमाण देऊन काढ्याचा पाठ प्रसिद्ध केला. मंत्रालयाने भाग मोजून दिले होते; घरोघरी मात्र त्यात गुळवेल पडली, ज्येष्ठमध पडले, कोणी अश्वगंधा घातली, आणि दिवसातून एकदोनदा घ्यायचा काढा चहासारखा तीनतीनदा होऊ लागला. आमच्या सोसायटीच्या कुंपणावर कोणीही न लावलेली एक वेल होती, ती जूनपर्यंत मुळापासून खरवडली गेली. ती गुळवेलच होती का, हे तोडणाऱ्यांपैकी कोणी तपासले नाही, मीही नाही.

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे सहा रुग्ण आले. यकृताला सूज, कावीळ, आणि कारण सापडेना. विचारपूस केल्यावर सगळ्यांत एक समान धागा निघाला: गुळवेल. २०२१ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती मांडली. बऱ्याच रुग्णांत दिसलेले चित्र हे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखे होते. त्यावर मंत्रालयाचे म्हणणे असे आले की गुळवेल सुरक्षित आहे, आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, टिनोस्पोरा क्रिस्पा, रुग्णांच्या पोटात गेली असण्याची शक्यता तपासायला हवी होती.

या वादात मला दोन्ही बाजूंपेक्षा तिसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. मुंबईतल्याच केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर अनेक वर्षे काम केले होते, आणि पित्तनलिका अडून झालेल्या काविळीच्या रुग्णांना शस्त्रक्रियेच्या आधी गुळवेल दिल्याने जंतुसंसर्गाशी लढायला मदत होते, असे त्यांना १९९३ च्या सुमारास दिसले होते. म्हणजे एकाच शहरात एकच वनस्पती एकदा यकृताच्या रुग्णांना उपयोगी पडली आणि एकदा यकृत बिघडवल्याच्या संशयात सापडली. यात विरोध वाटतो तितका नाही. प्रतिकारशक्तीला चालना देणे हाच जर गुळवेलीचा गुण असेल, तर ज्याच्या शरीरात ती शक्ती आधीच वाट चुकण्याच्या बेतात आहे, म्हणजे ज्याला थायरॉइडचा किंवा तत्सम स्वयंप्रतिकाराचा विकार आहे, त्याच्यावर हाच गुण उलटू शकतो. रुग्णालयात निवडक रुग्णांना, ठरावीक मात्रेत, ठरावीक दिवस आणि देखरेखीखाली दिलेली गुळवेल आणि सहा महिने रोज सकाळी तांब्याभर प्यायलेली गुळवेल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आणि समजा मंत्रालयाचा तर्क खरा, वनस्पतीच चुकीची गेली. तर मग प्रश्न अधिकच गंभीर होतो. खरी गुळवेल कोणती हे ओळखल्याशिवाय ती लाखो घरांत जाऊ शकते, ही काही सुरक्षिततेची ग्वाही नव्हे.

ओळखीचा हा घोळ फक्त गुळवेलीपुरता नाही. ब्राह्मी म्हणून एकाकडे मंडूकपर्णी मिळते तर दुसऱ्याकडे नीरब्राह्मी. दोन्ही वनस्पती वेगळ्या कुळांतल्या. शंखपुष्पीच्या नावाखाली देशाच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. अशा घोळाची किंमत किती मोठी असू शकते हे बेल्जियमने पाहिले. ब्रुसेल्समधल्या एका वजन घटवण्याच्या केंद्रात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एका चिनी वनस्पतीच्या जागी नावाच्या साधर्म्यामुळे ॲरिस्टोलोकिया वर्गातली वनस्पती वापरली गेली आणि शंभराच्या वर रुग्णांची, बहुतेक स्त्रियांची, मूत्रपिंडे कायमची खराब झाली. याच वर्गातली ईश्वरी, जिला आपल्याकडे सापसंद म्हणतात, सर्पदंशावरचे रामबाण म्हणून आजही सांगितली जाते. तिच्यातही मूत्रपिंडे बिघडवणारे तेच ॲरिस्टोलोकिक आम्ल असते.

मात्रेचा विचार करायचा तर हळदीएवढे सोपे उदाहरण नाही. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन या तिच्या मुख्य गुणकारी द्रव्याचे प्रमाण साधारण तीन टक्के, म्हणजे चमचाभर हळदीत शंभर मिलिग्रॅमच्या आत. आणि भाजीत किंवा दुधात गेलेले ते शरीरात फारसे शोषले जात नाही. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या रोज हळद खाऊनही आपले काही बिघडले नाही. आता बाजारातल्या कॅप्सूलकडे पाहा. त्यात पाचशे मिलिग्रॅम अर्क, त्यातले बहुतेक सारे कर्क्युमिनच, आणि वर मिऱ्यातले पायपरिन. पायपरिन कशासाठी, तर १९९८ मध्ये बेंगळुरूच्या संशोधकांनी दाखवले की त्याच्यासोबत कर्क्युमिनचे शोषण माणसात वीसपट होते. या वीसपटीची जाहिरात होते. वीसपट शोषलेल्या द्रव्याचे यकृत काय करील, हा प्रश्न त्याच डबीवर छापला जात नाही. इटली आणि अमेरिका या दोन्ही देशांत अशा गोळ्यांनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी झाल्या आहेत. आपल्या आमटीतल्या हळदीवर त्याने काही डाग लागत नाही, पण ‘आपण हजारो वर्षे हळद खातो’ हे प्रमाणपत्र त्या कॅप्सूलला लावताही येत नाही.

हळदीवरून एक गोष्ट आठवते. जखमा भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ आणि दाखले पुढे ठेवून १९९७ मध्ये ते रद्द करून घेतले. आपल्याला त्याचा सार्थ अभिमान आहे. मग पारंपरिक ज्ञानाचा मोठा संगणकीय संग्रहही उभा राहिला. ‘हे आमचे आहे’ हे सिद्ध करण्यासाठी एवढे श्रम घेणाऱ्या देशाने ‘आमच्या या वस्तूने कोणाला काय झाले’ हे नोंदवण्यासाठी त्याच्या अर्ध्यानेही श्रम घेतलेले नाहीत. मालकी हवी असेल तर जबाबदारी टाळता येणार नाही.

कायदा काय सांगतो, हे पाहिले तर ही टाळाटाळ ठिकठिकाणी दिसते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा. आयुर्वेदिक औषधे त्याच्या कक्षेत आली १९६४ च्या दुरुस्तीने. मान्य ग्रंथांत दिलेल्या पाठाप्रमाणे औषध बनवले तर त्याच्या सुरक्षिततेची नवी चाचणी मागितली जात नाही. वत्सनाभ, धोतरा, कुचला, बिब्बा, गुंज अशा विषारी द्रव्यांची एक यादी नियमांत आहे आणि ती असलेल्या पोटात घ्यायच्या औषधांवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असा इशारा छापावा लागतो. तोही इंग्रजीत आणि हिंदीत. मराठीखेरीज काही न वाचणाऱ्या आजीबाईंनी तो कसा वाचायचा, याचा विचार नियम करणाऱ्यांना सुचला नसावा. गुळवेल, अश्वगंधा किंवा कर्क्युमिनचा अर्क या यादीत नाहीतच. शिवाय तीच अश्वगंधा औषधाऐवजी पूरक आहार म्हणून गोड गमीच्या रूपात विकायची झाली की परवाना दुसऱ्या खात्याचा, नियम दुसरे, आणि गिऱ्हाईक मात्र तेच. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदी घातली. ती मला टोकाची वाटते, पण थायरॉइडची गोळी घेणाऱ्याने अश्वगंधा घेण्यापूर्वी विचारावे, एवढी एक ओळ छापायला बंदीची गरज नाही.

जाहिरातींची कथा याहून खेदजनक. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, लठ्ठपणा अशा विकारांवर इलाजाचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. तरी कोणतेही वृत्तपत्र उघडावे. डिसेंबर २०१८ मध्ये नियम १७० आला, ज्याप्रमाणे अशा औषधांच्या जाहिरातीला राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची आगाऊ संमती लागणार होती. २०२३ मध्ये मंत्रालयानेच राज्यांना त्याखाली कारवाई करू नका असे कळवले, जुलै २०२४ मध्ये तो नियम काढून टाकला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या काढून टाकण्याला स्थगिती दिली, आणि पुढच्या वर्षी ते प्रकरण निकाली निघाल्यावर ती स्थगितीही उरली नाही. सहासात वर्षांत एवढा प्रवास करून आपण जिथून निघालो तिथेच पोहोचलो.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की ॲलोपॅथीच्या गोळ्यांनी काय कमी अपाय होतात? होतात, आणि पुष्कळ होतात. साध्या पॅरासिटामॉलचा अतिरेक यकृत निकामी करतो. परंतु हे आपल्याला माहीत आहे, कारण ते कोणीतरी मोजले, गोळीबरोबरच्या कागदावर छापले, आणि कमाल मात्रा ठरवली. वनस्पतींसाठी मला याहून जास्त काही नको आहे आणि याहून कमी चालणार नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जिथे डॉक्टर पोहोचत नाही अशा पाड्यावर वैदूच आधार असतो, आणि कडक नियमांनी मोठ्या कंपन्या तगतील, वैदू मात्र मरेल. म्हणूनच घरातला किंवा पाड्यावरचा अडुळशाचा काढा आणि डबीत बंद करून देशभर विकलेला अर्क यांत फरक केला पाहिजे. ज्याच्या हातून औषध घेतले तो समोर आहे, उद्या विचारता येतो, तिथे नियमांचा काच कमी असू द्यावा. जिथे विकणारा दिसतच नाही तिथे डबीनेच बोलले पाहिजे: वनस्पतीचे शास्त्रीय नाव, तिचे मूळ की पान की खोड, अर्क असेल तर त्याची ताकद, कोणत्या गोळ्यांसोबत आणि कोणत्या आजारात घेऊ नये, गरोदर स्त्रीने काय करावे, आणि त्रास झाला तर कोणाला कळवावे, आणि हे सारे मराठीत. सांधेदुखीच्या चूर्णात स्टेरॉइड, मधुमेहावरच्या पुडीत ॲलोपॅथीची गोळी कुटून घालण्याचे प्रकार सर्वपरिचित आहेत. वर्षानुवर्षांची गुडघेदुखी दोन दिवसांत गेली तर आनंदाआधी संशय यावा. २००४ मध्ये बोस्टनच्या दुकानांत मिळणारी ७० आयुर्वेदिक उत्पादने तपासली गेली, तेव्हा १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. परदेशात राहणाऱ्या लेकीसाठी बॅगेत डब्या भरणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवायला हरकत नाही.

तरीही सगळा भार कायद्यावर टाकता येत नाही, हे मला माझ्या मामांमुळे कळले. मामांना वीस वर्षे मधुमेह. कृषी प्रदर्शनात त्यांनी बिबळ्याच्या लाकडाचा पेला घेतला, ज्याला विजयसारचा पेला म्हणतात. रात्री त्यात पाणी भरून ठेवले की सकाळी ते चहासारखे तांबूस होते आणि कडेला उन्हात धरले की निळसर झाक मारते. ती झाक मामा आल्यागेल्याला कौतुकाने दाखवत. त्या पाण्यानंतर कारल्याचा रस, मग चमचाभर मेथीची पूड, आणि शिवाय साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी होतीच. एका एकादशीला उपास असताना दुपारी ते देवघरातच घामाने भिजून कोसळले. रुग्णालयात साखर ४६ भरली. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी विचारले, ‘औषधं कोणती चालू आहेत?’ मामी म्हणाली, ‘एकच, साखरेची गोळी.’ ती खोटे बोलत नव्हती. पेला, रस आणि पूड यांना तिच्या लेखी औषध हे नावच नव्हते.

साखर नेमकी कशाने उतरली हे ठामपणे सांगता येणार नाही; उपास आणि गोळी एवढेही पुरेसे होते. पण साखर उतरवण्यासाठीच घेतलेल्या तीन गोष्टींनी ती उतरवायला हातभार लावला नाही, असे म्हणायचे तर मग त्या घ्यायच्या तरी कशाला? नंतर मीच सारे सांगितले, तेव्हा डॉक्टर चिडले: ‘असले झाडपाल्याचे उद्योग बंद करा.’ मामांनी मान डोलावली आणि पंधरवड्यात पेला पुन्हा खिडकीत दिसला, फक्त आता डॉक्टरांना सांगायचे नाही असे ठरले होते. रुग्ण लपवतो याचा दोष रुग्णावर टाकणे सोपे आहे. पण सांगितल्यावर हेटाळणी मिळणार असेल तर कोण सांगेल? शस्त्रक्रियेच्या आधी लसणाच्या किंवा जिंको या झाडाच्या अर्काच्या गोळ्या चालू आहेत हे सांगितले नाही तर रक्तस्राव वाढू शकतो. रक्तदाबाच्या रुग्णाने रोज ज्येष्ठमध चघळले तर गोळी असूनही दाब चढतो आणि रक्तातले पोटॅशियम उतरते. ही माहिती डॉक्टरपर्यंत पोहोचण्याचा रस्ता एकच आहे आणि तो रुग्णाच्या तोंडातून जातो. वैद्यांनीही आपल्या औषधाने झालेला त्रास नोंदवण्यात कमीपणा मानू नये. त्यासाठी सरकारी औषध-दक्षता यंत्रणा आहे, पण तिच्याकडे कळवणारे फार थोडे.

पुढे मामांनी डॉक्टर बदलले. नव्या बाईंनी औषधे विचारलीच नाहीत. त्यांनी विचारले, ‘सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत पोटात काय काय जातं, ते क्रमाने सांगा.’ मामांनी पेल्यापासून सुरुवात केली, आणि बाई लिहीत गेल्या. केसपेपरवर त्यांच्या अक्षरात आजही आहे: कारल्याची भाजी चालेल, रस नको, बिबळ्याचे पाणी बंद, घ्यायचेच असेल तर सांगून, आठवडाभर रोज साखर तपासून, एकादशीला सकाळची गोळी घ्यायची नाही. मामांनी तो कागद पंचांगाला टाचून ठेवला आहे.